जोडहात

ललिता बाविस्करचा हात पहिल्यांदा नाकारला गेला तो कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी.

जळगावच्या बाजारात भाजीवाल्याच्या तराजूशेजारी टाळी ठेवलेली होती. टाळी म्हणजे तळहाताएवढी काळी पाटी, मधोमध चकचकीत पट्ट्या. कंपनीनं तिला भारदस्त नाव दिलं होतं, पण लोकांनी पहिल्याच वर्षी तिची टाळी करून टाकली. हात टेकवला की हिरवा दिवा लागायचा आणि पैसे चुकते व्हायचे. पाकीट नको, फोन नको, आकडे पाठ करायला नकोत. नोटा बंद झाल्या नव्हत्या, पण त्या घेऊन सुटे परत देणारा दुकानदार आता शोधावा लागे.

ललितानं हात पुढे केला. तो पट्ट्यांना टेकायच्या आधीच नारिंगी दिवा लागला आणि पाटीतून एका बाईचा गोड आवाज आला, "कृपया थांबा."

"पुसून घ्या ना ताई हात," भाजीवाला म्हणाला.

ललितानं हात ओढणीला खसाखसा घासला. आता दिवा लाल झाला. मागे रांग वाढत होती. तिनं तिथूनच पुण्याला बहिणीला फोन लावला.

"जागू, तुमची टाळी बिघडली वं."

जागृती हसली. "बिघडली नाही. तू चटईच्या कारखान्यातून सरळ बाजारात आलीस ना? आणि ओढणीला हात घासलास?"

"तुले कसं समजलं?"

"ओढणीला घासलास की अजून वाढतं. जवळ लोखंडी खांब असेल, त्याला आधी हात लाव."

ललितानं दुकानाच्या खांबाला हात लावला. चट् करून बारीकसा झटका बसला. मग तिनं हात टेकवला आणि दिवा हिरवा झाला. "हे माझ्या बहिणीनं बनवलंय," तिनं भाजीवाल्याला सांगितलं. रांगेतल्या दोघीतिघींनाही सांगितलं. आईवडील गेल्यापासून या दोघींना माहेर म्हणून एकमेकीच होत्या, आणि धाकटीचं कौतुक सांगायला ललिताला कुठलंही निमित्त पुरत असे.

जागृती सोनवणेनं बनवलं होतं ते असं.

टाळ्या गावोगाव बसल्या त्या पहिल्याच हिवाळ्यात त्या पटापट मरू लागल्या. मुंबईत, कोकणात फारशा नाहीत. खानदेशात, विदर्भात, मराठवाड्यात, जिथे हवा कोरडी तिथे. शोधल्यावर कारणं दोन निघाली. एक होतं तारेतल्या विजेचं. गेलेली वीज परत येते तेव्हा दाबाची एक उसळी येते, ती चार्जरमधून आत शिरे. त्यावरचा इलाज जुनाच होता. चार्जरमध्ये एक छोटा भाग बसवायचा. एरवी तो गप्प असतो, पण दाब हद्दीबाहेर गेला की सगळी उसळी स्वतःवर घेऊन जमिनीकडे वळवतो. धरणाचा सांडवा करतो तेच काम.

दुसरं कारण होतं माणूस. कोरड्या हवेत नायलॉनचे कपडे, प्लास्टिकच्या खुर्च्या, रबरी चपला एकमेकांवर घासल्या की अंगावर विजेचा भार साठतो. दाराच्या कडीला हात लावताना बसणारा झटका सगळ्यांच्या ओळखीचा असतो. त्या ठिणगीचा दाब हजारो व्होल्टांचा असला तरी वीज इतकी थोडी असते की माणसाला काही होत नाही. टाळीचं तसं नव्हतं. तिच्या पट्ट्या तळहातातल्या शिरांची ठेवण वाचत आणि काळजाच्या ठोक्यांबरोबर कातडीपर्यंत येणारे अगदी क्षीण तरंगही टिपत. कुजबूज ऐकायला कान लावून बसलेल्याच्या कानाशी कुणी सुतळी बाँब फोडावा, तशी ती ठिणगी तिथे फुटे. शिवाय पैशांच्या यंत्रांना एक गोष्ट शिकवून ठेवलेली असते. कुणी आपल्याला फोडायला आलंय अशी शंका आली, की ती आपल्या पोटातल्या गुप्त खुणा स्वतःच पुसून टाकतात. ठिणगी बसली की टाळीला तीच शंका येई. ती स्वतःला कोरी करून घेई आणि दुकानदाराच्या हातात एक काळा ठोकळा उरे.

पट्ट्यांनाही सांडवा बसवून पाहिला, पण त्यात ते क्षीण तरंगही वाहून जाऊ लागले. तेव्हा जागृतीनं वेगळी वाट काढली. भारलेली वस्तू टेकण्याआधीच आपली चाहूल देते. जुन्या टीव्हीच्या पडद्याजवळ हात नेला की त्यावरची लव उभी राहायची ती म्हणूनच. तिनं टाळीला ही चाहूल घ्यायला शिकवलं. भारलेला हात वीतभर अंतरावर आला की टाळी आपल्या पट्ट्या आतून तोडून घेई, डोळा मिटून घ्यावा तशी. मग माणसानं पाटीच्या कडेला हात लावायचा. ती कडा वीज अगदी किंचित वाहू देणाऱ्या रबराची होती. अंगावरचा भार तिच्यातून सावकाश, ठिणगी न पडता निघून जाई आणि टाळी डोळा उघडे. त्या कडेला जागृतीनं नाव दिलं होतं निचरा.

निचऱ्याला दोन-तीन श्वासांचा वेळ लागे. पुण्यातल्या एका मॉलमध्ये चाचणी झाली तेव्हा तेवढ्यानंही रांगेतले लोक चुळबुळ करू लागले. कंपनीत यंत्रांचा सगळा निर्णय शर्मिष्ठा गुप्ते यांच्या हाती असे. त्या मनानं वाईट नव्हत्या. त्यांना उशीर सहन होत नसे, इतकंच.

"चाहूल ठेवू, कडा काढू," त्या म्हणाल्या.

"मॅडम, मग यंत्र वाचेल आणि माणूस अडून राहील."

"असे किती असणार गं? पुढच्या आवृत्तीत कडा परत घालू."

पुढची आवृत्ती आली, तिच्यात कडा नव्हती. तोवर जागृतीच्या हाताखाली एक गट आला होता, बाणेरला घर झालं होतं. तिनं पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या आवृत्तीच्या वेळी मात्र विचारायचं राहून गेलं.

ललिताचं या टाळीवर प्रेम असायला बहिणीखेरीज आणखी एक कारण होतं, ते म्हणजे तिचा नवरा गोकुळ.

गोकुळ बाविस्कर एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता. दारू नाही, तंबाखू नाही, बायकोवर कधी आवाज चढवला नाही. फक्त त्याला सगळं माहीत असावं लागे. जेवण झालं की तो ललिताचा फोन मागून घेई आणि शांतपणे वाचत बसे. तिचं बँकेचं कार्ड त्याच्या खिशात असे. ती बोलली की म्हणे, "अगं, तुझं-माझं काय असतं? मी काळजीनं बघतो." मुलगी मनस्वी मोठी होत होती, आता तो तिच्याही वह्या, तिचंही दप्तर काळजीनं बघू लागला होता.

टाळी आली तेव्हा कारखान्याच्या फाटकाशीच बायकांची खाती उघडून दिली गेली. कार्ड नाही, फोन नाही. "हात काही कोणी काढून घेत नाही," ललिता जागृतीला म्हणाली होती. जागृतीनं ते कौतुकानं ऑफिसात सांगितलं, आणि कंपनीनं ते वाक्य जरा धुऊन-पुसून जाहिरातीत घातलं. त्या हाताच्या जोरावर ललितानं काही शिल्लक टाकली होती. पिंप्राळ्यात एक खोली बघून ठेवली होती, तिचं डिपॉझिटही भरलं होतं. शाळेचं वर्ष संपलं की ती मनस्वीला घेऊन निघणार होती. हे जागृतीशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

टाळी जेव्हा जेव्हा डोळा मिटे, तेव्हा नंतर टेकलेल्या हातावरून तो कुणामुळे मिटला त्याची नोंद ठेवी. ते केवळ तपासणीसाठी होतं. पण यंत्रांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीनं त्या नोंदी मागून घेतल्या आणि तिला दिसलं की तेच ते हात पुन्हा पुन्हा येतात. कोरड्या गावातले, प्लास्टिकच्या आणि कापडाच्या कारखान्यांतले, स्वस्त नायलॉन नेसणारे. मग नियम निघाला. असे हात जोखमीचे धरावेत. जोखमीच्या हाताला टाळी उघडणारच नाही, मग त्यानं आधी खांबाला हात लावलेला असो वा नसो. त्याच्या वतीनं घरातल्या एका सुरक्षित हातानं व्यवहार करावा. त्याला म्हणायचं जोडहात. लग्न झालेल्याचा जोडहात म्हणजे आपोआप नवरा किंवा बायको. बदलून हवा असेल तर त्याच पत्त्यावर राहणारं दुसरं माणूस पाहिजे. आणि विश्वास राहावा म्हणून खात्याचा सगळा हिशेब जोडहाताच्या फोनवर दिसत राहील.

निरोप आला तेव्हा ललिता मागावर होती. चटईच्या कारखान्यात रंगीत प्लास्टिकच्या नळ्या दिवसभर एकमेकींवर घासत सळसळत असतात. बायकांचे केस उभे राहतात, दंडांना धूळ चिकटते, एकीनं दुसरीला सुई दिली तरी चटका बसतो. त्याची त्यांच्यात थट्टा चाले. त्या दुपारी कँटीनच्या टाळीनं एकापाठोपाठ एक सगळ्याच बायका परतवल्या. बाहेर ट्रक भरणारे पुरुष मात्र चहा घेऊन गेले.

"आता नवऱ्याले घेऊन चहा प्यायचा का?" कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या. कमल तायडे हसली नाही. तिला नवरा नव्हता. तिचा जोडहात म्हणून दिराचं नाव आलं होतं, आणि दिराशी तिचा घराच्या वाटणीवरून उभा दावा होता.

ललिताही हसली नाही.

गोकुळनं त्या संध्याकाळी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना भाकरीचा तुकडा मोडत तो म्हणाला, "पिंप्राळ्याची खोली कोणासाठी?"

ललितानं घास ताटात परत ठेवला.

"मी रागावलो नाही," तो म्हणाला. "मनात काही होतं तर बोलायचं होतं. मी कधी तुला नाही म्हटलंय का?" मग तो मनस्वीकडे वळला, "तुझ्या नावानं ठेव करून टाकू बेटा. आईनं किती साठवलंय बघ तुझ्यासाठी."

आठवडा संपायच्या आत ललिताची सगळी शिल्लक मनस्वीच्या नावच्या ठेवीत गेली. ठेव पाहणारा गोकुळ. खोलीचं डिपॉझिटही त्यानं गोड बोलून परत आणलं. त्यानंतर तो बाजारात तिच्याबरोबर येऊ लागला. ती पिशवी धरे, तो हात टेकवी. तिनं मागितलेलं तो काहीही घेऊन देई. फक्त मागावं लागे. औषधाच्या दुकानात, बांगड्यांच्या दुकानात, रस्त्यावर उसाच्या रसाच्या गाड्यापाशीसुद्धा. महिन्याचे पॅड घ्यायलासुद्धा.

जागृती जळगावला आली ती गोकुळ ऑफिसात असण्याची वेळ साधून. ललितानं दार उघडलं, पाणी दिलं आणि समोर बसली. बराच वेळ दोघी मनस्वीच्या शाळेचंच बोलल्या.

"ताई, तू माझ्याकडे चल. दोघी चला."

"आणि तिथं? तिथं कोणाचा हात? तुझा. तू बी विचारशील, ताई काय आणू तुले. तू प्रेमानं विचारशील. तोबी प्रेमानंच विचारतो, जागू." ललितानं आपला तळवा समोर धरला. प्लास्टिकच्या नळ्यांनी बोटांची पेरं घासून गुळगुळीत झाली होती. "माझा हात मले परत दे. बाकी माझं मी पाहते. आमच्या कारखान्यातल्या साऱ्याच बायकांचा दे. कमलच्या घरी दोन दिवस चूल पेटली नव्हती, आम्ही डब्यातून नेऊन दिलं. तू बनवलं ना ते? मग तूच मोड."

"मी बनवलं ते असं नव्हतं गं."

"मले काय ठाऊक कसं होतं," ललिता म्हणाली. "आमच्याकडे जे आलं ते असं आहे."

पुण्याला परतल्यावर जागृती कामाला लागली. देशभरच्या पैशांच्या यंत्रांचे नियम ठरवणारी एक समिती होती, आणि येत्या दहा वर्षांचे नियम तिच्यापुढे त्याच महिन्यात यायचे होते. जागृतीनं टिपण लिहिलं. निचऱ्याची कडा सक्तीची करा. तिला फार खर्च नाही, वेळ दोन-तीन श्वासांचा. ती असली तर जोखमीचा हात असा काही प्रकार उरतच नाही, कारण जोखीम हातात नसून यंत्राच्या घडणीत आहे. खाली तिनं जुन्या चाचण्यांचे निकाल जोडले, जे कंपनीत सगळ्यांना माहीत होते आणि बाहेर कुणालाच नव्हते. टिपण पाठवलं आणि खूप दिवसांनी तिला बरं वाटलं.

दोन दिवसांनी गुप्तेंनी तिला बोलावून घेतलं. समोर टिपणाची प्रत होती.

"चांगलं लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "समितीतल्या एकांनी मला पाठवलं. हे आत गेलं तर आपल्या बाजारात असलेल्या सगळ्या टाळ्या परत घ्याव्या लागतील. कंपनी राहणार नाही. तुझा गटही नाही."

"मॅडम, बायका उपाशी राहतायत."

"तुझी बहीण जळगावला असते ना? चटईच्या कारखान्यात."

जागृतीनं मान डोलावली.

"तिचा हात मी आज मोकळा करू शकते. कायमचा. काही हात आपण सूट दिलेल्यांत ठेवतो, मोठ्या लोकांचे, तुला माहीतच आहे. त्यात एक आणखी." गुप्तेंचा आवाज खरंच मऊ होता. "हे टिपण मागे घे. वर्षभरात आपणच कडेचा प्रस्ताव आणू, आपल्या पद्धतीनं. मी शब्द देते."

असा शब्द याआधीही मिळाला होता. पण जागृतीला डोळ्यांसमोर फक्त ललिता दिसत होती, पिशवी धरून गोकुळच्या मागे उभी असलेली. टिपण पोचलं तरी समिती काय करील कुणास ठाऊक; अभ्यासगट नेमील, वर्ष जाईल, दोन जातील. आणि ललिताचा हात आजच्या आज सुटत होता.

तिनं टिपण मागे घेतलं. ललिताला विचारायला फोन करावा असं तिच्या मनात आलं नाही. केव्हा एकदा ही बातमी देते, एवढंच आलं.

"ताई, जा, टेकवून बघ," त्या संध्याकाळी ती फोनवर म्हणाली.

ललितानं कोपऱ्यावरच्या दुकानात साबणाच्या वडीसाठी हात टेकवला. दिवा हिरवा झाला. फोनवर तिला रडू फुटलं, इकडे जागृतीलाही.

तीन-चार दिवसांनी ललिताचा पुन्हा फोन आला. आवाज कोरडा होता.

"कमलचा हात कधी सुटते?"

"सुटेल. वेळ लागेल जरा."

"साऱ्या कँटीनमध्ये माझ्या एकटीचाच दिवा हिरवा लागते. बायका विचारतात, तू काय केलं. मी सांगतलं, मले माहीत नाही. त्या म्हणतात, बहीण सायबीण आहे तुझी, तुले माहीत नाही कसं? जागू, खरं सांग. काय केलं तू?"

जागृतीनं सांगितलं. टिपणाचं, समितीचं, गुप्तेंच्या केबिनचं.

"म्हणजे आमचा साऱ्यांचा इलाज होता तुझ्याजवळ. आणि तू तो माझ्यापायी देऊन आली."

"तुझ्यासाठीच केलं ताई. तुला तिथून बाहेर काढायला."

"मले विचारलं का?"

"वेळ नव्हता..."

"फोन तर होता." ललिता म्हणाली. "मी नाही म्हटलं असतं. तुले ते ठाऊक होतं, म्हणून तू विचारलं नाही. आता मागं जाऊन परत दे ते कागद."

"आता नाही होत. समिती बसून उठली. नियम ठरले."

"किती दिवसांसाठी?"

"दहा वर्षं."

"कमलनं माझ्या हातून चहाबी घेतला नाही आज," ललिता म्हणाली आणि फोन ठेवला.

गोकुळच्या फोनवर निरोप आला होता की जोडहाताची आता गरज उरलेली नाही. तो ललिताला म्हणाला, "बरं झालं. पण बाजारात मी येत जाईनच, तुला ओझं होतं." मनस्वीच्या ठेवीचा विषय त्यानं काढला नाही, तिनंही नाही. हात मोकळा होता आणि त्यात नवा पगार होईपर्यंत काही नव्हतं. महिना भरला, पगार खात्यात पडला, त्याच दिवशी ललिता मनस्वीला शाळेतून घेऊन निघून गेली. पिंप्राळ्याला नाही, ते गोकुळला माहीत झालं होतं. कारखान्यातही कुणाचा निरोप घेतला नाही, कारण निरोप घ्यावा असं तिथे कुणी तिच्याशी बोलतच नव्हतं.

गोकुळनं जागृतीला फोन केला. पहिल्यांदाच त्याचा आवाज फाटला होता. "माझं काय चुकलं ते तरी सांगा. मी तिला कधी बोटही लावलं नाही." जागृतीला काही माहीत नव्हतं, आणि ते सांगताना तिला लाज वाटली. ललितानं तिचेही फोन घेणं बंद केलं होतं.

पावसाळा सरला. जागृतीला बढती मिळाली. कडेचा प्रस्ताव कधी आणायचा असं तिनं एकदा गुप्तेंना विचारलं तेव्हा त्या क्षणभर आठवत राहिल्या, कुठल्या कडेचा ते.

हिवाळ्याच्या तोंडावर जागृती रावेरला गेली. केळीच्या बागांच्या मधोमध पत्र्याचं मोठं पॅकिंग हाऊस होतं. आत पाण्याचे हौद, आणि हौदांभोवती उभ्या राहून बायका केळीच्या फण्या धूत होत्या. ललिता गमबूट घालून एका हौदाशी होती. चिकानं तिची बोटं काळी पडली होती, पाण्यानं तळवे सुरकुतले होते. वर्षभरात ती वाळली होती, पण मान ताठ होती.

तिनं जागृतीला पाहिलं, मुकादमाला खूण केली आणि बाहेर आली. एक क्रेट उपडा करून दिला. "बस."

शेजारच्या टपरीवर तिनं दोन चहा सांगितले आणि जागृती उठायच्या आत टाळीवर हात टेकवला. लगेच हिरवा.

"इथं लगेच लागते," ती म्हणाली. "बहुतेक साऱ्या बायकांचा. हात ओले असतात ना." पाहुणीला सांगावं तसं तिनं ते सांगितलं. मग इथल्या कामाची थोडी माहिती दिली. मजुरी कमी आहे. ज्यांचा हात जुन्या कामामुळे अजून अडलेला आहे त्यांना मुकादम कूपन देतो, ती त्याच्याच दुकानात चालतात, आणि त्या दुकानात सगळंच महाग. मनस्वी बरी आहे. गणितात मागे पडली होती, आता सुधारतेय.

"मी शिकवीन तिला, व्हिडिओवर," जागृती म्हणाली.

ललितानं चहाचा घोट घेतला. "तिकडं काय म्हणतात?"

"भाऊजी दोनदा आले होते माझ्याकडे. शोधतायत."

"शोधू दे. पत्ता मी कोणालेच दिला नाही. मामालेबी नाही, शाळेत बी नाव बदलून घातलं..." आणि ती बोलता बोलता थांबली. कप खाली ठेवला. "तुले कोणं सांगतला?"



बरेच दिवस जागृतीनं स्वतःला आवरलं होतं. मग एका दुपारी कामाच्या पडद्यावर ललिताचा हात शोधला. एकदाच, कुठे आहे ते कळायला. मग दुसऱ्या दिवशीही. मग रोज सकाळी, बाकी काम सुरू करण्याआधी. साबण, डाळ, वह्या, बसचा पास. रावेर, रावेर, रावेर. ललितानं कुठल्या आठवड्यात भाजी घेतली नाही ते तिला माहीत होतं. डोकेदुखीच्या गोळ्या किती वेळा घेतल्या तेही.

"जागू. कोणं सांगतला?"

"मला दिसतं, ताई. कामाचा भाग म्हणून दिसतं. तू बरी आहेस ना, एवढंच बघत होते."

ललिता चिडली असती तर जागृतीला सोसलं असतं. ती चिडली नाही. तिनं अगदी हळू विचारलं, "काय काय दिसतं?"

"हात कुठे टेकवला ते."

"आणि काय घेतलं ते?"

"हो."

"गोळ्या घेतल्या तेबी?"

"हो."

ललितानं मान हलवली. आतून मुकादमानं हाक मारली, तेव्हा ती उठली आणि कमरेचा ओला कपडा सारखा करत म्हणाली, "मनस्वीची शाळा सुटंल आता. तिले भेटू नको. लेकरू आहे, कोणाजवळ तरी बोलून जाईल." मग ती आत गेली, आणि पाण्यात कोपरापर्यंत हात घालून उभी राहिली.

परतीच्या एसटीत जागृतीनं ठरवलं की आता बघायचं नाही. आठवडाभर बघितलं नाही. मग बघितलं.

त्या दिवसानंतर ललिताचा हात कुठेच टेकला नव्हता. रावेरला नाही, जळगावला नाही, कुठल्या बसमध्ये नाही, कुठल्या दुकानात नाही. ती कूपनांवर जगत होती की गाव सोडून गेली होती, ते कळायला काही मार्ग नव्हता. जागृतीनं पुढचे कितीतरी दिवस रोज सकाळी तो पडदा उघडला. दर वेळी सगळ्यात वर तीच एक नोंद असे, शेवटची: रावेर, चहा, दोन.